अण्णांची दोरी घट्ट होती

गाडीखाली तेलाचा डाग दिसला, तर तुम्ही पहिला संशय कोणावर घेता? गाडीवर, की तिला शेवटचा हात लावणाऱ्या माणसावर?

घाईने उत्तर देऊ नका. मी घाईने दिलं होतं. त्या उत्तराने एका माणसाचे हात गेले. दहाही बोटं शाबूत होती, पण त्या बोटांवरचा त्याचा विश्वास गेला, आणि आमच्या धंद्यात त्यालाच हात जाणं म्हणतात.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला ‘गॅरेजमधल्या गमती’ लिहायला सांगितलं आहे. एक गंमत आहे माझ्याकडे. ती आधी देऊन टाकतो. एकदा बँकेतल्या एक बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन गाडी घेऊन आल्या. मागून तेल गळतंय, इंजिन गेलं तुमचं, असं त्यांना सिग्नलला कोणीतरी सांगितलं होतं. आमचे मेस्त्री अण्णा खाली वाकले. एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, “अक्का, हे गाडीचं न्हवं की. केसांचं.” डिकीत खोबरेलाचा डबा लवंडला होता. बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं.

झाली गंमत. आता त्याच अण्णांबद्दल, आणि थेंब नाकाशी नेल्याशिवाय दोष न देण्याच्या त्यांच्या सवयीबद्दल जे सांगायचं आहे, त्यात गंमत नाही.

माझे वडील सांगलीकडचे, या कानडी शहरात नोकरीला आलेले. इथल्या एका सरकारी कारखान्यात टर्नर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या क्वार्टरमध्ये फर्निचर कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पाहुणे आले की गठ्ठ्यावर चादर टाकून बसवायचे. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर, ‘अ’ अन्यायाचा आणि ‘स’ संपाचा असाच. पंधराव्या वर्षी पत्रकांच्या घड्या घालायचो, अठराव्या वर्षी ती स्वतः लिहायला लागलो, मराठीतून कच्चं आणि कानडीतून पक्कं. डिप्लोमा झाल्यावर वडिलांच्या ओळखीने त्यांच्याच कारखान्यात लागलो असतो. वशिला म्हणून नाकारलं. चामराजपेटेत एका बोळात नंजुंडप्पांचं गॅरेज होतं, तिथे जाऊन उभा राहिलो आणि काम मागितलं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती.

गणोजीराव, म्हणजे आमचे अण्णा, तिथले मुख्य मेस्त्री. त्यांचं घराणं कधी काळी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मूळ गाव कोणतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची मराठी ऐकून पुण्याहून नव्याने आलेली कॉम्प्युटरवाली मुलं हसायची. “स्वल्प थांबा, बघतो, मग सांगतो,” हे त्यांचं प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य. स्वल्प म्हणजे थोडं. ते थोडं कधी कधी दोन दिवस चालायचं, कारण अण्णा खरोखरच बघायचे.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं. मी जेवणाच्या सुट्टीत कामगार कायद्यावर बोलत होतो. ते पोळी मोडत म्हणाले, “सरी, लीडर. भाषण झालं असेल तर लोणचं इकडे सरकव.” सरी म्हणजे बरं. तेव्हापासून मी लीडर.

त्यांची खरी ख्याती होती ती दोरीसाठी. हे सोपं करून सांगतो. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड दांडा फिरतो. तो मागच्या बाजूने बाहेर येऊन गिअरबॉक्सकडे जातो. जिथून तो बाहेर येतो, तिथून तेलही बाहेर येऊ पाहतं. ते अडवायला हल्ली तयार रबरी कडं मिळतं. जुन्या गाड्यांत तिथे विणलेली दोरी असते, पेन्सिलीतल्या काळ्या पुडीत घोळवलेली. ती तेलात भिजवायची, खाचेत अंगठ्याने दाबत न्यायची, वरून गोल लाकूड फिरवून बसवायची आणि टोकं ब्लेडने कापायची. केसभर लांब राहिली तर दांडा आवळला जातो. केसभर आखूड झाली तर तेल गळतं. माप कुठल्याही पुस्तकात नाही, ते अंगठ्यात असतं. अण्णांचं गोल लाकूड म्हणजे त्यांच्या बायकोच्या मोडलेल्या लाटण्याचा तुकडा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो तुकडा ते कोणाला हात लावू देत नसत.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी पावसाळा संपता संपता बोपय्यांची गाडी आली. बोपय्या कोडगूचे, कॉफीचे मळेवाले. गाडी त्यांच्या वडिलांनी तीसेक वर्षांपूर्वी विलायतेहून आणवलेली. दोन माणसांची, टपाविना, बाटलीच्या काचेसारखी हिरवी स्पोर्ट्स कार. आत बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटायचं. मला तत्त्व म्हणून ती आवडायला नको होती. पण तिचं इंजिन सुरू झालं की मी हातातलं काम सोडून बघत राहायचो, हे कबूल करतो.

बोपय्यांना ती डिसेंबरात इतर जुन्या गाड्यांबरोबर म्हैसूरला न्यायची होती. मागची दोरी जुनी होऊन तेल ठिबकत होतं. अण्णांनी इंजिन उतरवलं, नवी दोरी भरली, इंजिन परत बसवलं. किरकोळ जोडणी तेवढी राहिली, आणि आयुधपूजा आली.

इथे राहणाऱ्यांना आयुधपूजा सांगायला नको. खंडेनवमीला हत्यारं देवापुढे मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आदल्या दिवशी सगळी झाडलोट. नंजुंडप्पांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, ती वर्षातून त्या एका दिवशी गॅरेजची मालकीण व्हायची. तेलकट चिंध्या म्हणजे दळिद्र, म्हणून ती एकूण एक चिंधी गोळा करून मागच्या अंगणात जाळायची.

अण्णांचा एक नियम होता. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं राहिलं तर त्यात चिंधीचा बोळा घालायचा आणि बोळ्याची शेंडी बाहेर ठेवायची. शेंडी दिसली की आत बोळा आहे हे आंधळ्यालाही कळतं. त्या आदल्या दिवशी मी हिरव्या गाडीची ब्रीदरची जुनी नळी काढली होती. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. आतल्या स्फोटांचा थोडा वायू पोटात उतरतो, तो या वाटेने बाहेर पडतो. इंजिनाच्या कुशीला एक झाकण असतं, त्याला बोटभर पोलादी तोटी, आणि तोटीवर रबरी नळी. नळी काढल्यामुळे तोटी उघडी होती. झाडलोटीची धूळ गॅरेजभर उडत होती, आणि चिंधी एकही शिल्लक नव्हती. माझ्या खिशात पत्रकं होती. एकाचा बोळा करून मी तोटीत कोंबला. कागदाला शेंडी कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. कोहळा फुटला, कडलेपुरी वाटली गेली, म्हणजे आपले चुरमुरे आणि डाळं. सगळे ती खात बसले. देवापुढे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडलेले, प्रत्येकाला कुंकू. ते बघून माझं डोकं फिरलं. वर्षभर ज्या माणसांच्या घामावर ही हत्यारं चालतात, त्या माणसांच्या पाया कोण पडतं, असं काहीतरी मी मोठ्याने बोललो. मग उठलो, देवापुढचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि हिरव्या गाडीकडे गेलो.

“आज नको की रे, लीडर,” अण्णा म्हणाले. “उद्या कर. इंजिन कुठं पळून जात नाही.”

“यंत्राला वार कळत नाही, अण्णा.”

“यंत्राला नाही कळत. आपल्याला बसायला एक दिवस मिळतो, ते तरी कळू दे.”

अक्का दारातून म्हणाली, “शिकलेला आहे ना, त्याला काय सांगायचं!” सगळे हसले. मी चिडलो. त्या चिडीत, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन, मी नवी नळी तोटीवर चढवली, क्लिप आवळली आणि विजयी मुद्रेने परत येऊन कुंकवाचा स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला. आत कागदाचा बोळा तसाच राहिला. तो मला आठवला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा दीड महिना नाही.

आता गळतीकडे येतो.

गॅरेजात इंजिन तासभर चालवलं, थेंब नाही. बोपय्या गाडी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. सोबत घडी घातलेली पांढरी चादर. त्यांनी ती आमच्या फरशीवर अंथरली, गाडी तिच्यावर उभी केली आणि शांतपणे सिगारेट पेटवली. पाच मिनिटांत चादरीवर तपकिरी ठिपके पडायला लागले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. म्हणजे नेमके दोरीच्या खाली.

“मी कोणाला दोष देत नाही,” बोपय्या म्हणाले. “चादर काय ते सांगते.”

अण्णांनी थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. “स्वल्प थांबा,” म्हणाले.

तेलाची गळती शोधणं हे चोर पकडण्यासारखं असतं, आणि चोर जिथे सापडतो तिथे तो राहत नसतो. तेल वरून सुटतं, वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि भलतीकडूनच टपकतं. म्हणून आम्ही इंजिन रॉकेलने धुतलं, वाळवलं आणि त्याच्यावर तोंडाला लावायची पावडर शिंपडली. मग देवनहळ्ळीच्या रस्त्याने गाडी पळवली. तेव्हा तिकडे शेतं आणि द्राक्षाचे मांडव होते, रस्ता मोकळा. किल्ल्याजवळ पपनस विकणारी एक म्हातारी बसायची. तिथे थांबून अण्णा गाडीखाली सरपटत गेले आणि मी टॉर्च धरला. पांढऱ्या पावडरीवर एकच ओला ओघळ. सुरुवात मागच्या सांध्यापासून.

“हळू चालवली तर कोरडी,” अण्णा खालूनच म्हणाले. “पळवली की गळते. का रे?”

“वेगाने तेल जास्त उडतं.”

“तेवढंच न्हवं.” ते बाहेर आले, बॉनेट उघडलं आणि तेल मोजायच्या पट्टीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. “हे बघ. इथूनपण थुंकलंय. पोटात वारा धरलाय हिच्या. लीडर, ब्रीदर बघ.”

हे वाक्य मी गेली चार वर्षं रोज ऐकतो आहे. माणसाला पहिल्याच दिवशी रोग कळला होता. थेंब हुंगून, एका बोटाने.

मी वाकलो. नळीचं वरचं टोक काढलं आणि टॉर्च मारला. नळी नवीकोरी, आत स्वच्छ. खालचं टोक कार्बुरेटरच्या मागे होतं. तिथे हात घालायला कार्बुरेटर सोडवावा लागला असता. इंजिन तापलेलं, ऊन डोक्यावर. आणि नळी बसवली कोणी होती? मी. सगळ्यांच्या देखत.

“बघितला,” मी म्हणालो. “मोकळा आहे.”

“नक्की?”

“मीच बसवलाय, अण्णा.”

“सरी,” ते म्हणाले. विषय संपला. दुसऱ्याने ‘बघितलं’ म्हटल्यावर तीच जागा परत बघणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, असं ते मानायचे. म्हातारीकडून त्यांनी एक पपनस घेतलं आणि अर्धं मला सोलून दिलं.

मग त्यांनी इंजिन उतरवलं आणि दुसरी दोरी भरली. या वेळी त्यांनी दोरी दोन दिवस तेलात ठेवली आणि टोकं कापताना नवं ब्लेड घेतलं. गाडी गेली, चौथ्या दिवशी चादर घेऊन परत आली. ठिपके तिथेच.

तिसरी दोरी भरताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी अंगठा खाचेवरून फिरवला, थांबले, परत फिरवला. मग माझ्याकडे हात पुढे केला. “बघ रे. उंच लागतं का?” मेस्त्रीने असं शिकाऊ माणसाला विचारणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला काहीच लागलं नाही. मी ‘नाही’ म्हणालो, आणि माझ्या मनात आलं, म्हातारे झाले अण्णा. संशय असा आला. मी त्याला दार उघडून दिलं.

तिसऱ्यांदा चादर अंथरली गेली तेव्हा नंजुंडप्पाही येऊन उभे राहिले. डिसेंबर लागला होता. गाडी म्हैसूरला जाण्याचा दिवस तोंडावर आला होता. ठिपके पडले. बोपय्यांनी सिगारेट विझवली.

नंजुंडप्पा तापट माणूस नव्हते. ते माझ्याकडे वळले आणि कानडीत म्हणाले, “तू शिकलेला आहेस. तू खरं बोलतोस. तू सांग, काय राहिलंय?”

मला तो क्षण परीक्षेचा वाटला, तत्त्वाच्या परीक्षेचा. माणसावर प्रेम असलं तरी सत्य सांगायचं, असं मी शेकडो वेळा लिहिलं होतं. म्हणून मी अण्णांकडे न बघता, छाती काढून सांगितलं, “खालच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट आवळलेले आहेत. झाकणाखालचं पॅकिंग चांगलं आहे. ब्रीदर मोकळा आहे, मी स्वतः बघितलाय. मग उरलं सील.”

सील म्हणजे दोरी. दोरी म्हणजे अण्णा.

ते माझ्यावर ओरडले असते तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या वाक्याचा विचार केला. खरोखर केला, जसा ते थेंबाचा करायचे. मग उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला.

“हां की,” ते म्हणाले. “बरोबर बोलतो पोरगा. उरलं सीलच.”

नंजुंडप्पांनी त्यांना बाजूला नेलं. हाकललं असं म्हणता येणार नाही. आता विश्रांती घ्या, असं म्हणाले. कामावरून काढताना हल्ली असंच म्हणतात. अण्णांनी हात धुतले, डबा उचलला आणि जाताना माझ्याजवळ थांबले. खिशातून लाटण्याचा तुकडा काढला.

“हे ठेव तुझ्याकडे. माझ्या अंगठ्याला आता कळंना झालंय.”

“अण्णा, तुम्ही नेऊन ठेवा घरी.”

“बेडा रे. घरी कोण लाटतंय?” नको म्हणून हात हलवला आणि गेले.

चौथी दोरी मी भरायची असं ठरलं. इंजिन उतरवण्याआधी, पुस्तकात लिहिलं आहे म्हणून, कुशीचं झाकण काढून पॅकिंग बदलावं असा मी विचार केला. कार्बुरेटर सोडवला. नळीची खालची क्लिप सैल केली. नळी ओढली आणि तोटीत बघितलं.

तोटीत काळा, फुगलेला, दगडासारखा बोळा होता.

तारेचा आकडा करून मी तो बाहेर काढला. हातात घेतल्याबरोबर ओळखला, तरी उलगडला. तेलाने अक्षरं पुसली नव्हती, उलट ठळक झाली होती. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चोरीच्या आळावरून काढलेल्या कामगारासाठी मी लिहिलेलं पत्रक. शेवटची ओळ कानडीत, माझीच. तिचा अर्थ: म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही दोषी धरू नका.

मी फरशीवर बसलो. आयुधपूजेला हत्याराला हात लावलास म्हणून गाडीला दोष लागला, असं अक्का महिनाभर म्हणत होती, आणि मी तिला अंधश्रद्धेवर पत्रक आणून दिलं होतं. ते तिने डब्याखाली घातलं होतं. देव कोपत नाही हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी हत्याराला हात लावला नसता, तर अण्णा आज त्या गॅरेजात असते, हेही तितकंच पक्कं आहे. या दोन वाक्यांची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

मी दोरीला हात लावला नाही. इंजिनही उतरवलं नाही. तोटी साफ केली, नळी चढवली आणि गाडी देवनहळ्ळीच्या रस्त्यावर जितकी पळेल तितकी पळवली. परत येऊन बोपय्यांची चादर अंथरली आणि तिच्यावर गाडी संध्याकाळपर्यंत उभी ठेवली. चादर पांढरी राहिली. आत अण्णांची तिसरी दोरी होती. बहुधा दुसरीलाही काही झालं नव्हतं आणि पहिलीलाही. नाक बंद केलेल्या इंजिनाने श्वास सोडायला जागा शोधली, आणि जी सगळ्यांत नाजूक होती तिथून तो सोडला. एवढंच घडलं होतं.

मी नंजुंडप्पांना सगळं सांगितलं. ते हसले. “सुटली ना गाडी? बास. साहेबांना सांग, नवं सील टाकलं.”

“आणि अण्णा?”

“बोलावतो की. आधी ही गाडी म्हैसूरला जाऊ दे. आपल्या गॅरेजनेच नाक बंद केलं म्हणून सांगत सुटू नकोस. आणि उद्यापासून मेस्त्रीचं काम तू बघ.”

मी थांबलो. अकरा दिवस. हे मी पत्रकात कधीच लिहू शकलो नसतो, म्हणून इथे लिहितो. मालक बोलावतील, त्यांनीच बोलवायला हवं, तीच योग्य पद्धत, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण असं की अण्णांच्या समोर उभं राहून ‘बघितला नव्हता’ हे दोन शब्द उच्चारायची मला भीती वाटत होती. पोलिसांच्या गाडीपुढे घोषणा देताना मला भीती वाटली नव्हती.

बाराव्या दिवशी चामराजपेटेतल्या त्यांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “गेले की. जावई पीण्यात असतो, तिकडं. कुठल्यातरी फॅक्टरीच्या गेटवर बसतात म्हणे. सामान सगळं वाटून टाकलं. पाने-बिने पण. हात गेला माझा, म्हणत होते.”

“कुठली फॅक्टरी?”

“गोत्तिल्ला.” ठाऊक नाही.

पीण्या ज्यांनी बघितलं आहे त्यांना कळेल. शेडला शेड लागून, गल्लीला गल्ली लागून, प्रत्येक फाटकाशी एक खुर्ची आणि एक म्हातारा. मी रविवारमागून रविवार फिरलो. मग मला जे एकच येतं ते केलं. पत्रक लिहिलं, स्वतःविरुद्ध. बोळ्याची सगळी हकिकत, माझ्या नावानिशी. शिफ्ट सुटताना वाटलं. लोकांनी घेतलं, त्याला हात पुसले आणि पुढे गेले. त्यांचं चुकलं नाही. हात तेलकट होते.

बोपय्या म्हैसूरहून परत आल्यावर मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी सभ्यपणे सगळं ऐकलं. “प्रामाणिक आहेस,” म्हणाले. “पण आता गळत नाही ना?” मी नाही म्हणालो. त्यांनी चादरीची घडी केली आणि गाडीत ठेवली. सत्य सांगितलं की काहीतरी हलतं, असं मला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. काही हललं नाही. ज्याला ते ऐकायचा हक्क होता तो एकटाच ऐकायला नव्हता.

मेस्त्रीची जागा मी घेतली नाही. गॅरेज सोडलं. आता पीण्यातच एका शेडमध्ये पंपांच्या जोडणीवर आहे. तिथे काम करावं असं काही नाही. रोज दोन वेळा वेगळ्या गल्लीने जाता येतं, म्हणून आहे. चार वर्षं झाली. अण्णा जिवंत असतील तर पासष्टीच्या पुढे असतील. दर महिन्याला माझी आशा थोडी कमी होते. पत्रकं लिहिणं थांबवलं आहे. हे शेवटचं समजा.

म्हणून आता तुमच्याकडे मागतो. हा अंक ज्यांच्या घरी जातो, त्या तुमच्यापैकी निम्मे लोक कारखान्यांत आहेत. मालाच्या, तपासणीच्या, बैठकीच्या निमित्ताने पीण्यात तुमचं जाणं-येणं आहे. फाटकातून गाडी आत घेताना तुम्ही वॉचमनकडे बघत नाही. मीही बघत नसे. पुढच्या वेळी बघा. बुटका, कानावर पांढरे केस, मराठीत कानडी मिसळून बोलणारा कोणी वही पुढे करेल. सही करण्याआधी विचारा, “अण्णा, तुम्ही इंजिनाची दोरी भरायचात का?” हो म्हणाले तर सांगा, की हिरव्या गाडीची तिसरी दोरी कोणीच बदलली नाही, ती तशीच आहे आणि चादर पांढरी आहे. नाक लीडरने बंद केलं होतं, आणि न बघताच तो ‘बघितला’ म्हणाला होता. लाटण्याचा तुकडा त्याच्याकडे जपून ठेवलेला आहे.

एवढं सांगून लगेच आत जाऊ नका. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा, पट्टी बाहेर काढा, आणि तेलाचा एक थेंब त्यांच्या बोटावर ठेवा. ते अंगठ्याने चोळतील, नाकाशी नेतील, स्वल्प थांबा म्हणतील. थांबा. ते जे सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.